नाव नावावर कशी होते?

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, इकडे गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत काठावरची गावं पाण्यात गेली. त्याच्या चारच दिवस आधी आमच्या गावच्या एका काकाजींनी आपला फायबरचा डोंगा, म्हणजे छोटी नाव, पलीकडच्या गावातल्या एका पोराला विकला होता. मोटरसकट सौदा ४५ हजारांचा. १५ हजार रोख दिले, बाकीचे दसऱ्याला द्यायचे ठरले. मोटर तालुक्याच्या मिस्त्रीकडे दुरुस्तीला होती. ती आली की डोंगा घेऊन जातो, असं पोरगा म्हणाला. तोवर डोंगा काकाजींच्याच घाटावर बाभळीला बांधलेला. पुराच्या रात्री दोर तुटला आणि डोंगा गेला तो गेलाच.

पाणी ओसरल्यावर दोघेही माझ्या दुकानात आले. माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं छोटं दुकान आहे. नदीकाठच्या गावात असल्यामुळे डोंग्यांचे, जाळ्यांचे, मासेमारांच्या सहकारी संस्थेचे कागद माझ्याकडे नेहमी येतात. काकाजी म्हणाले, "इकला मंजे इकला. पुरानं तुया डोंगा नेला, माया नाही. बाकीचे तीस हजार दे." पोरगा म्हणाला, "काकाजी, डोंगा तं तुमच्याच खुट्याले होता. म्या हातबी नाही लावला. माये पंधरा वापस करा जी." आणि दोघांनी मिळून माझ्यापुढे कागद ठेवला. शाळेच्या वहीचं अर्धं पान होतं ते. 'डोंगा ४५००० ला दिला. १५००० भेटले.' खाली सही. तारीखसुद्धा नव्हती.

तो कागद मी अजून विसरलो नाही. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, दोघांनाही मनापासून वाटत होतं की आपलंच बरोबर आहे. आणि ज्या एका ओळीवर सगळा निकाल होता, ती ओळ त्या पानावर नव्हती. ती कोणती, ते पुढे सांगतो. त्याआधी डोंग्याची विक्री कायद्याने असते काय, ते बघू.

शेत विकलं की काय होतं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. रजिस्ट्री होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. गाडी विकली तर आरसी बुक असतं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून आरटीओत द्यायचे असतात. त्यामुळे लोक माझ्याकडे येतात ते, "डोंग्याचा फेरफार कुठं होते?" असं विचारतच. हाताने वल्हवायच्या साध्या डोंग्याचा फेरफार कुठेही होत नाही. डोंगा ही जमिनीसारखी स्थावर मालमत्ता नाही. कायद्याच्या भाषेत तो 'माल' आहे. बैल, मळणीयंत्र, सायकल जशी, तसाच. त्याच्या विक्रीला १९३० चा मालविक्री कायदा लागतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची सक्ती नाही.

हा कायदा म्हणतो की मालाची विक्री तोंडीही होऊ शकते. किंमत ठरली, दोघं राजी झाले, झाली विक्री. म्हणजे काकाजींचा सौदा वहीचं पान नसतं तरी खरा होता. मग कागद कशाला? कारण सौदा होतो त्या दिवशी दोघांच्याही मनात सगळं स्वच्छ असतं. भांडण होतं सहा महिन्यांनी, आणि तोवर प्रत्येकाच्या मनातला सौदा थोडा थोडा बदललेला असतो. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायचा तर साधारण तीन वर्षांची मुदत आहे. तीन वर्षं कोणाच्या आठवणीच्या भरवशावर राहायचं?

आता त्या ओळीकडे येऊ.

मालकी कधी बदलली, हा डोंग्याच्या विक्रीतला सर्वात मोठा प्रश्न आहे. बहुतेकांना वाटतं, पूर्ण पैसे दिले की मालकी बदलते. काहींना वाटतं, ताब्यात आला की बदलते. कायदा दोन्ही म्हणत नाही. कायदा म्हणतो, दोघांनी जेव्हा बदलायची ठरवली तेव्हा बदलते. आणि त्यांनी काही ठरवलंच नसेल, तर कायद्याचे ठोकताळे लागतात. हाच डोंगा म्हणून बोट दाखवून सौदा झाला, डोंगा द्यायच्या स्थितीत आहे आणि काही अट नाही, तर सौदा झाला त्याच क्षणी मालकी घेणाऱ्याकडे गेली. पैसे दसऱ्याला द्यायचे असोत की डोंगा पुढच्या आठवड्यात न्यायचा असो. पण विकणाऱ्याने आधी काही करून द्यायचं कबूल केलं असेल, उदाहरणार्थ मोटर दुरुस्त करून देतो म्हणून, तर ते काम होऊन घेणाऱ्याला तशी खबर लागेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते.

आणि मालकी ज्याच्याकडे, जोखीम त्याच्याकडे. पूर, आग, चोरी, जे होईल ते मालकाचं नुकसान. डोंगा कोणाच्या खुंट्याला बांधला होता, यावर ते ठरत नाही. यात एक अपवाद असा आहे की ताबा द्यायला किंवा घ्यायला ज्याच्या चुकीमुळे उशीर झाला, त्या उशिरामुळे झालेलं नुकसान त्याच्या माथी येऊ शकतं.

मग काकाजींच्या प्रकरणात काय? मोटरची दुरुस्ती काकाजींनी करून द्यायची होती का, की 'आहे तसा' घेऊन पोरानेच करून घ्यायची होती? काकाजींनी करायची असेल तर डोंगा पुरात गेला तेव्हा तो काकाजींचा होता. पोराने करायची असेल तर पोराचा. मिस्त्रीकडे मोटर नेऊन टाकली होती काकाजींनी, पण मिस्त्रीला ॲडव्हान्स दिला होता पोराने. आता लावा अर्थ! 'मोटर दुरुस्तीचा खर्च व जबाबदारी अमुकची' एवढी एक ओळ असती तर प्रश्नच उरला नसता. शेवटी संस्थेच्या चार म्हाताऱ्यांनी बसून निम्मं-निम्मं केलं. काकाजींनी साडेसात हजार परत दिले. मोटर कोणाची, यावर आणखी महिना गेला. दोन्ही घरं आजही एकमेकांच्या मांडवात जात नाहीत.

म्हणून माझ्याकडे डोंग्याचा कागद करायला कोणी आलं की मी आधी विचारतो, आज रात्री डोंगा वाहून गेला तर कोणाचा गेला? दोघेही एकमेकांकडे बघतात. ते बघणं संपून उत्तर ठरलं की पेन उचलतो. तारीख तर लिहितोच, पण वेळही लिहितो. नदीकाठी एका रात्रीत काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

विकणारा खरंच मालक आहे का

स्वतःजवळ जे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हा मालविक्रीतला जुना नियम आहे. काही अपवाद सोडले तर मालक नसलेल्याकडून पैसे मोजून घेतलं तरी मालकी मिळत नाही. आपल्या भागात हा धोका चोरीपेक्षा वेगळ्याच रूपात येतो, आणि मला यावर थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण यात फसतात ते सरळ माणसं.

पहिला प्रकार वारसाचा. बाप वारला, डोंगा मोठ्या पोराच्या हातात आला. तोच मासे धरतो, तोच डांबर लावतो, गाव त्यालाच मालक समजतं. उद्या तो विकायला निघतो. पण बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या डोंग्यात त्याच्या आईचा हिस्सा आहे, भावांचा आहे, बहिणींचाही आहे. बापाची आई, म्हणजे आजी, हयात असेल तर तिचासुद्धा. लग्न होऊन देसाईगंजला गेलेली बहीण डोंग्यावर हक्क सांगायला येईल असं कोणाला वाटत नाही. बहुतेक वेळा येतही नाही. पण भाऊबंदकीत शेताचं भांडण पेटलं की त्यात बैल ओढले जातात, भांडी ओढली जातात, डोंगाही ओढला जातो. तेव्हा घेणाऱ्याच्या हातात बहिणीची 'माझी हरकत नाही' अशी सही असलेली बरी. बोलावणं शक्य नसेल तर तिथून सही केलेला कागद मागवा. आईची सही तर घ्याच. सहीच्या निमित्ताने घरात एकदा बोलणं होतं, आणि त्या डोंग्यावर जिचा नवरा तीस वर्षं उभा राहिला तिला विचारलं जातं. मला ते गरजेचं वाटतं.

दुसरा प्रकार संस्थेचा. आपल्याकडे तलाव, मग तो मामा (माजी मालगुजारी) तलाव असो की धरणाचं पाणी, मासेमारीला सहसा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला ठेक्याने मिळतो. काही डोंगे संस्थेचे असतात आणि सभासद वापरतात. वर्षानुवर्षं एकच माणूस वापरत असला तरी तो त्याचा होत नाही. संस्थेच्या मालमत्तेच्या रजिस्टरला तो डोंगा आहे का, हे सचिवाकडे जाऊन बघायला अर्धा तास लागतो.

तिसरा अनुदानाचा. मत्स्यव्यवसाय विभाग जाळी आणि डोंग्यांसाठी मदत देतो, २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. अशा मदतीतून घेतलेल्या डोंग्यावर विकायच्या अटी असू शकतात. मंजुरीचं पत्र मागा, त्यातल्या अटी वाचा, आणि विकायला परवानगी लागत असेल तर आधी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयातून ती घ्या.

चौथा कर्जाचा. बँक, पतसंस्था किंवा बचत गटाचं कर्ज काढून डोंगा-मोटर घेतली असेल आणि ती तारण असेल, तर डोंगा तुमच्याकडे आला तरी त्यावरचा बोजा त्याच्यासोबत येतो. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा आणि कर्ज असेल तर बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला मागा. शेतात हे आपण न चुकता करतो. पाण्यावर आलो की विसरतो.

लाकडी डोंगा असेल तर सागवान कुठलं, एवढंही विचारून घ्यावं. लाकूड डेपोची पावती किंवा टीपी, म्हणजे लाकूड वाहतुकीचा परवाना, असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. गडचिरोलीकडे याला फार महत्त्व आहे.

नेमका कोणता डोंगा

गाडीला चेसिस नंबर असतो. डोंग्याला आपल्याकडे सहसा काहीच नसतं. घाटावर निळ्या रंगाचे सहा डोंगे बांधलेले असतात आणि कागदावर लिहिलेलं असतं, 'एक निळा डोंगा'. अशा कागदाने कोणता विकला ते कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी एका सौद्यासाठी स्वतः घाटावर गेलो. डोंगा वाळूवर उपडा घातलेला होता. टेप लावला तर लांबी सतरा फूट चार इंच, मधली रुंदी साडेतीन फूट. नाकाकडून मोजत गेलं की उजव्या अंगाला तळव्यापेक्षा मोठं एक ठिगळ, जरा पिवळट, हात फिरवला तर खरबरीत लागणारं. मालक म्हणाला, दगडावर आपटला होता, मीच फायबर लावलं. आतली मागची फळी एका कडेने फुगलेली. मोटरचं झाकण काढलं, आतल्या पट्टीवर तेलाची साय बसली होती. घासलेटाच्या चिंधीने पुसल्यावर नंबर दिसला. शेवटचे दोन आकडे जवळजवळ झिजलेले, बोटाने चाचपून वाचले. हे सगळं मी कागदात लिहिलं, ठिगळासकट.

ठिगळ लिहायचं कारण दोन. एक, ओळख पटते. तसं ठिगळ दुसऱ्या डोंग्याला त्याच जागी असणार नाही. दुसरं, जुन्या मालाच्या बाबतीत कायदा साधारणपणे घेणाऱ्यालाच सांगतो की डोळे उघडे ठेवून घे. दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. पण 'ठिगळ दाखवून दिले, घेणाऱ्याने पाहिले' असं लिहिलं की विकणारा पुढच्या तक्रारीतून सुटतो. उलट विकणारा 'मोटर यंदाच इंजिन खोलून केली आहे' असं म्हणत असेल, तर ते लिहून घ्या. जे बोलतो ते लिहायला जो कचरतो, त्याच्या बोलण्याची किंमत तिथेच कळते.

डोंग्याचे चार बाजूंनी, ठिगळाचा आणि मोटरच्या नंबराचा असे फोटो काढून प्रिंट घ्या आणि प्रत्येकाच्या मागे दोघांनी सही करा. सोबत काय काय दिलं तेही लिहा. वल्ही किती, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, तेलाची टाकी. जाळं दिलं की नाही, हे तर नक्की लिहा. जाळ्यावरून झालेली भांडणं मी डोंग्यावरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मोटर असेल तर गोष्ट बदलते

आतापर्यंतचं विक्रीचं सगळं मोटरच्या डोंग्यालाही लागतंच. पण मोटर बसवून प्रवासी, पर्यटक किंवा माल नेणारी बोट असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा येतो. हा कायदा १९१७ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याच्या जागी आला. यंत्राने चालणाऱ्या बोटीची पाहणी होऊन तसं प्रमाणपत्र हवं आणि बोटीची नोंदणी हवी, असं तो सांगतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. नाव सागरी असलं तरी आपल्या जलाशयांवरच्या बोटीही त्यात येतात. यंत्र नसलेल्या डोंग्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची तरतूदही त्या कायद्यात आहे.

नोंदणी झालेली बोट विकत घेताना नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणि पाहणीच्या प्रमाणपत्राची मुदत डोळ्यांनी बघा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि विकणाऱ्याच्या आधारवरचं नाव एक आहे का, मोटरचा नंबर जुळतो का, तेही बघा. मोटर बदललेली असते आणि प्रमाणपत्रावर जुनीच असते, असं होतं. व्यवहार झाला की दोघांनी मिळून नोंदणी कार्यालयाला लगेच कळवा आणि प्रमाणपत्रावर नाव बदलून घ्या. इथे तुमच्या दोघांतला कागद पुरत नाही. नोंदणी नसलेली मोटरबोट प्रवाशांसाठी म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. अशा वेळी बोट कोणाची, नोंद होती का, किती माणसं बसवायची परवानगी होती, हे प्रश्न सगळ्यात आधी विचारले जातात. तेव्हा कागदावर ज्याचं नाव असेल त्याच्या दारात पोलीस येतात.

स्टॅम्प, नोटरी आणि पैसे

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ज्या करारांना १०० रुपयांचा स्टॅम्प चालायचा त्यांना ५०० चा लागतो. किंमत मोठी असेल तर किती मुद्रांक शुल्क पडेल ते तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. स्टॅम्प दोघांपैकी एकाच्या नावावरच घ्या, भावाच्या किंवा पुतण्याच्या नावावर नको. घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरा, घरात पडलेला जुना स्टॅम्प चालत नाही. कमी स्टॅम्पच्या कागदाने विक्री खोटी ठरत नाही, पण असा कागद कोर्टात पुराव्यात घेण्याआधी राहिलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो.

नोटरी करून घेतली तर चांगलंच. फक्त नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणारा हाच माणूस, याची साक्ष. डोंगा त्याच्याच मालकीचा आहे याची साक्ष तो शिक्का देत नाही. लोक लाल शिक्का बघून निश्चिंत होतात, ते चूक आहे.

पैसे शक्यतो खात्यावर किंवा फोन पे-गुगल पेवर द्या आणि व्यवहाराचा क्रमांक कागदात लिहा. रोख दिले तर किती, कोणत्या तारखेला, कोणासमोर, हे अक्षरी आणि आकड्यांत लिहा. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एकाच व्यवहारात रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. आपल्या डोंग्यांना ते लागत नाही, पण पर्यटनाच्या मोठ्या बोटींना लागतं.

कागदात काय लिहायचं

इंटरनेटवरून काढलेले नमुने लोक घेऊन येतात. त्यात बंदर, जहाजाचं टनेज, ध्वज असलं काहीबाही असतं. ते समुद्रावरच्या जहाजांचं. आपल्या डोंग्याला साधी मराठी पुरते. फक्त एक काळजी घ्या. आपल्या भाषेत बोटीलाही नाव म्हणतात आणि माणसाच्या नावालाही. 'सदर नाव माझे नावे असून ते नाव तुमचे नावे करून दिले' असं वाक्य मी एका कागदात वाचलं आहे. तीनदा वाचूनही त्यात बोट कुठे आहे ते मला सापडलं नव्हतं. म्हणून कागदात 'डोंगा' किंवा 'नौका' लिहा. मी साधारण असा मजकूर लिहितो:

'लिहून घेणार श्री. … वय … धंदा मासेमारी, राहणार … यांस, लिहून देणार श्री. … वय … राहणार … कारणे विक्रीपत्र लिहून देतो की, माझ्या स्वतःच्या मालकीचा, मी सन … मध्ये … यांच्याकडून घेतलेला फायबरचा निळा डोंगा, लांबी … रुंदी …, उजव्या बाजूस ठिगळ असलेला, व त्यावरील मोटर क्रमांक …, सोबत दोन वल्ही, एक नांगर व दोर, असे सर्व मिळून रुपये … ला तुम्हांस विकले आहे. त्यापैकी रुपये … आज मिळाले, बाकी रुपये … दिनांक … पर्यंत देण्याचे ठरले. सदर डोंग्यावर कोणाचेही कर्ज, तारण, अनुदानाची अट अथवा वारसाचा हक्क नाही. असा हक्क कोणी सांगितल्यास त्याचे निवारण मी माझ्या खर्चाने करून देईन. मोटरच्या दुरुस्तीचा खर्च व जबाबदारी … यांची आहे. आज दिनांक … रोजी दुपारी … वाजता डोंग्याचा ताबा व मालकी तुम्हांस दिली असून यापुढील नफा, तोटा, जोखीम व जबाबदारी तुमची आहे. हे विक्रीपत्र स्वखुशीने, वाचून, समजून लिहून दिले.'

अनुदान, कर्ज किंवा दुसरे वारस असतील तर 'नाही' म्हणून लिहू नका, जे आहे ते लिहा आणि त्याचा कागद जोडा. बाकी पैसे दिलेच नाहीत तर काय, हेही एका ओळीत ठरवा. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहील असं ठरवायचं असेल तर कायद्याची त्याला हरकत नाही. पण मग तोवर पुराची जोखीमही सहसा विकणाऱ्याचीच राहते. दोन्ही लाडू एकाच हातात येत नाहीत.

साक्षीदार दोन घ्या, दोन्ही बाजूंचा एकेक, आणि जमलं तर घाटावर रोज जाणारा. सही येत नसेल तर 'नि. डा. अं.' म्हणजे निशाणी डावा अंगठा, आणि त्याशेजारी ज्याने मजकूर वाचून दाखवला त्याचं नाव आणि सही. ही वाचून दाखवल्याची ओळ कधी सोडू नका. आमच्याकडच्या कितीतरी ढिवर (मासेमार) बांधवांनी आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठे दिले आहेत. त्यांना शब्द न् शब्द ऐकायला मिळाला पाहिजे. आधारची झेरॉक्स जोडताना तिच्यावर 'फक्त डोंगा विक्रीकरिता' असं लिहून तारीख टाका.

घेणाऱ्याने आणखी एक समजून घ्यावं. डोंगा घेतला म्हणजे मासे धरायचा हक्क घेतला असं नाही. तो हक्क संस्थेच्या ठेक्यातून, सभासदत्वातून येतो. तसंच माणसं पलीकडे उतरवायचा घाटाचा ठेकाही डोंग्यासोबत येत नाही. विमा असेल तर तो आपोआप तुमच्या नावावर होत नाही, कंपनीला कळवून बदलून घ्यावा लागतो.

आणि विकणाऱ्याने? डोंगा गेला, पैसे आले, म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण वैनगंगेत रेती चोरायला डोंगे वापरतात, हे काठावर कोणाला सांगायला नको. महसूलची गाडी येते, डोंगा जप्त होतो, आणि त्याच्या नाकावर रंगवलेलं नाव वाचून तलाठी तुमच्या घरी येतो. म्हणून विक्रीच्या दिवशीच ते नाव पुसा. संस्थेला आणि ग्रामपंचायतीला दोन ओळींचा अर्ज द्या की अमुक तारखेपासून डोंगा माझा नाही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मघाशी सांगितलेल्या त्या सतरा फुटी डोंग्याच्या मालकाने नाकावर लेकीचं नाव रंगवलं होतं. सह्या झाल्यावर तो पॉलिश पेपर घेऊन बसला. तीन अक्षरं होती, पण घासायला बराच वेळ लागला. घेणारा म्हणाला, राहू द्या भाऊ, मी नंतर रंग मारतो. तो काही बोलला नाही, घासत राहिला. मग पांढरी पडलेली जागा ओल्या फडक्याने पुसली, दोर सोडला आणि डोंगा दोघांनी मिळून पाण्यात ढकलला. मी मोबाईलवर वेळ बघितली. चार वाजून दहा मिनिटं. तीच कागदावर लिहिली आणि तीन झेरॉक्स काढल्या, एक विकणाऱ्याला, एक संस्थेच्या फाइलला, एक माझ्याकडे. मूळ कागद घेणाऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर आढ्याला बांधला, मागच्या पुराचं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं त्याच्याही वर.